काळ्या मातीचा पापुद्रा आणि कुंद्याचं पाकीट

वैशाखात बेळगावच्या पूर्वेकडच्या काळ्या रानात हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि मृगाचे दोन पाऊस झाले की गच्च मिटतात. ही करामत मातीतल्या पापुद्र्यांची. त्यांच्यामध्ये पाणी शिरलं की माती फुगते. याच कुळातलं मॉन्टमोरिलोनाइट हे खनिज घ्या: एका पापुद्र्याची जाडी सुमारे 1 नॅनोमीटर, म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग, आणि रुंदी त्याच्या शंभर पट किंवा त्याहूनही जास्त.

हाच पापुद्रा रिसायकल केलेल्या प्लास्टिकच्या कामी येतो.

पाण्याची बाटली 'पेट' प्लास्टिकची असते. ती पुन्हा वितळवताना उष्णतेने आणि उरलेल्या ओलाव्याने रेणूंच्या लांब साखळ्या तुटतात, माल कमजोर होतो. शिवाय कुठल्याही प्लास्टिकमधून थोडी हवा आत झिरपतेच. कुंदा म्हणजे बेळगावची दुधाची मिठाई; पाकिटातल्या कुंद्यातल्या तुपाला प्राणवायू लागला की खवट वास येतो. घरी डबा उघडल्याबरोबर कळतं. प्लास्टिकमध्ये वजनाने तीन ते पाच टक्के माती नीट पसरली, तर पापुद्रे आडवे येतात. प्राणवायूला सरळ वाट मिळत नाही, वळसे घालत जावं लागतं. पाकिटाला ताठपणाही येतो.

'नीट पसरली' हे म्हणायला सोपं. माती पाण्याची मैत्रीण, प्लास्टिकशी तिचं जमत नाही. गुठळ्या राहिल्या तर पाकीट तिथेच फाटतं. म्हणून तिला आधी सेंद्रिय क्षारांची प्रक्रिया करतात. पण पेट वितळायला 250 अंशांच्या वर तापमान लागतं आणि तेवढ्या उष्णतेत हे क्षारच विघटित होऊ लागतात. खरी झुंज इथे आहे.

झिंक ऑक्साइडचे नॅनोकण जंतूंना रोखतात, तेही वापरून पाहिले जातात. मात्र माती असो वा झिंक, आधीची घाण कोणीही धुऊन काढत नाही. फिनेलच्या बाटलीतला अंश प्लास्टिकमध्ये मुरलेला असेल तर तो राहतोच. म्हणून बाटल्या निवडणाऱ्या बायकांचं काम मला प्रयोगशाळेइतकंच मोलाचं वाटतं.

भारतात 2018 च्या नियमांनी अन्नाच्या वेष्टनात रिसायकल प्लास्टिकला बंदी होती. 2025 मध्ये पेटला अटींवर वाट मिळाली. नॅनोकण अन्नात उतरतात का, हे वेगळं तपासावं लागतं. पाकिटाचा तुकडा आंबट पाण्यात किंवा अल्कोहोलच्या द्रावणात कित्येक दिवस बुडवून त्यात काय उतरलं ते मोजतात. तोवर एक सावध तोडगा आहे: तीन थरांचं पाकीट, मधला थर रिसायकलचा, कुंद्याला लागणारा नव्या प्लास्टिकचा.