जिब्रेलिक अ‍ॅसिड हे केळीचे अन्न नव्हे
जळगाव जिल्ह्यातील रावेर-यावल पट्ट्यात जिब्रेलिक अ‍ॅसिडला (जिब्रेलिन गटातील वाढीच्या संप्रेरकाला) केळीचे ‘टॉनिक’, म्हणजे अन्नच, मानण्याचा समज जुना आहे. पण लिटरमागे मिलिग्रॅममध्ये मोजायचे द्रव्य पीक पोसणार कसे? पेशीतील डेला नावाची, वाढ रोखणारी प्रथिने वाढीची जनुके चालू करणाऱ्या पीआयएफसारख्या प्रथिनांना (प्रतिलेखन घटकांना) धरून ठेवतात, त्यामुळे ते डीएनएवर बसू शकत नाहीत. जिब्रेलिन त्याला ओळखणाऱ्या ग्राही प्रथिनाला चिकटले की ती जोडी डेलाला पकडते, डेलावर युबिक्विटिन या छोट्या प्रथिनाची ‘नष्ट करा’ अशी खूण होते, पेशी डेलाचे तुकडे करते आणि अडकलेले घटक मोकळे होतात. फवारणीने केवळ हा अटकाव सुटतो. अन्न म्हणून नत्र-पालाश द्यावेच लागते. बुटक्या गव्हाच्या अनेक वाणांत बदललेले डेला तुटतच नाही, म्हणून जिब्रेलिन फवारूनही तो गहू उंच होत नाही.