केशर : कंद, ओळख आणि लागवड

केशर : (सं. कुंकुम, काश्मीरज, काश्मिरी – कोंग, लॅ. क्रोकस सटायव्हस, कुल – इरिडेसी). शरद ऋतूत फुलणारी, जमिनीतल्या कंदावर वर्षानुवर्षे टिकणारी लहान ओषधी. तिचे खोड जमिनीवर दिसत नाही. वर येतात ती फक्त फुले आणि गवतासारखी पाने. मसाल्याचे केशर म्हणजे फुलातील तीन लाल किंजल्के. वनस्पतिशास्त्राच्या मराठी परिभाषेत फुलाच्या पुं-अंगाला ‘केसरदल’ म्हणतात, त्यामुळे घोटाळा ठरलेलाच. खाण्याचे केशर स्त्री-अंगाचे असते. पिवळी केसरदले वेचताना बाजूला टाकतात.

भारतात हे पीक मुख्यतः काश्मीरमधील पांपोर परिसराच्या करेवा (जुन्या सरोवराच्या गाळाच्या) पठारांवर, समुद्रसपाटीपासून सुमारे १,६०० मी. उंचीवर घेतात. बडगाम व श्रीनगर जिल्ह्यांत आणि जम्मू विभागातील किश्तवाडमध्येही त्याची शेते आहेत. जगातले बहुतेक केशर मात्र इराणमध्ये पिकते. पांपोरच्या केशरशेतीला २०११ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने जागतिक महत्त्वाच्या कृषी वारशात स्थान दिले; काश्मिरी केशराला २०२० मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले.

केशराला बी धरत नाही. त्याच्या पेशीत गुणसूत्रांचे दोन नव्हे तर तीन संच (एकूण २४) असल्याने ही वनस्पती वांझ आहे. तिचा पूर्वज क्रोकस कार्टराइटियानस आजही ग्रीसमध्ये रानात उगवतो व त्याला बी येते. केशर मात्र माणसाने कंद खणून नव्या जागी लावला तरच पसरते. म्हणून ‘केशराचे बियाणे’ म्हणून जे विकले जाते ते केशर नव्हेच. ‘अमेरिकन केशर’ या नावाने शेतकऱ्यांच्या गळ्यात मारलेले बी म्हणजे आपली करडई.

कंद : बोलताना सगळे कंदच म्हणतात, पण कांद्यात आणि यात फरक आहे. कांदा आडवा कापला की पापुद्रे सुटतात. केशराचा कंद कापला की आत सुरणासारखा भरीव पांढरा गर दिसतो. हा घनकंद, म्हणजे अन्न साठवून फुगलेले खोड. तो चपटा-गोल, २ ते ५ सेंमी. रुंद असतो आणि त्यावर तपकिरी तंतूंच्या जाळीचे वेष्टन असते. हे वेष्टन बोटांत चोळले तर कागदासारखे फाटत नाही, काथ्यासारखे धाग्याधाग्याने सुटते. कंद विकत घेताना हीच पहिली परीक्षा.

प्रत्येक कंद एकच वर्ष जगतो. शरदात तो आपल्या साठ्यावर फूल काढतो. हिवाळाभर पाने अन्न तयार करतात. त्या अन्नावर जुन्या कंदाच्या डोक्यावर नवे पिलकंद पोसतात आणि एप्रिल-मेपर्यंत पाने वाळतात. जुना कंद तोवर सुकून चकतीएवढा उरतो. म्हणजे यंदाचे फूल ही गेल्या हिवाळ्यातल्या पानांची कमाई असते. केशरशेतीतल्या बहुतेक चुका हे न कळल्यामुळे होतात. फुले वेचून झाली की पीक संपले असे समजून पाने कापणे, जनावरे सोडणे किंवा वाफा कोरडा ठेवणे म्हणजे पुढच्या वर्षाच्या फुलांवर पाणी सोडणे.

ओळख : शरदात फुलणारे दिसायला सारखे कंद अनेक आहेत आणि त्यातला एक जीवघेणा आहे. युरोपात ‘शरदातला क्रोकस’ म्हणून ओळखला जाणारा कोल्चिकम ऑटमनेल हा क्रोकस नाहीच. त्यातील कोल्चिसिन हे द्रव्य पेशींचे विभाजन थांबवते. खाल्ल्यावर काही तासांनी उलट्या-जुलाब सुरू होतात आणि पुढे एकेक अवयव निकामी होतो. ओळखण्यासाठी फूल उघडून केसरदले मोजावीत. केशरात ती तीन, कोल्चिकममध्ये सहा. केशराचा किंजल (किंजल्के धरणारी दांडी) एकच असून वर तीन लाल फाटे, म्हणजे किंजल्के, होतात. कोल्चिकमचे तीन किंजल तळापासून सुटे असतात. केशराची पाने सुतळीएवढी अरुंद, मधोमध पांढरी रेघ असलेली आणि फुलांसोबत किंवा लगेच मागून येणारी. कोल्चिकमची पाने रुंद आणि थेट वसंतात येणारी. त्याचा कंदही मोठा, एका बाजूला कललेला व गुळगुळीत तपकिरी सालीचा. काश्मीरच्या डोंगरांत याच प्रजातीतला पिवळ्या फुलांचा कोल्चिकम ल्यूटियम बर्फ वितळताना फुलतो. त्याचे वाळलेले कंद ‘कडू सुरंजान’ म्हणून वनौषधींच्या दुकानांत मिळतात, तेव्हा सुट्या कंदांच्या पोत्यात हात घालताना जपून.

पिवळी स्टर्नबर्जियाही केशरासारखी शरदातली, पण तिला सहा केसरदले असतात आणि तिचा कंद खऱ्या अर्थाने कांद्यासारखा पापुद्र्यांचा असतो. क्रोकस स्पेसिओसस तीन केसरदलांचा असल्याने अधिक चकवतो. त्याचे किंजल्क नारिंगी आणि पिंजल्यासारखे अनेक फाट्यांचे असते, केशराचे गडद लाल, अखंड आणि इतके लांब (२५–३० मिमी.) की परिदलांमधून (पाकळ्यांमधून) बाहेर लोंबते. शिवाय केशराचे फूल एकदा उघडले की रात्री मिटत नाही.

लागवड : कंद जुलै-ऑगस्टमध्ये, सुप्तावस्थेत असताना लावतात. ८ ग्रॅमहून हलक्या कंदाला बहुधा नुसती पाने येतात, म्हणून वजन करूनच घ्यावेत. बुळबुळीत, डाग पडलेले किंवा दाबल्यावर मऊ लागणारे कंद वेगळे काढून नष्ट करतात. उरलेले बुरशीनाशकाच्या द्रावणात बुडवून सावलीत सुकवतात. खोली १०–१५ सेंमी., दोन ओळींत २० व दोन कंदांत १० सेंमी. अंतर, कोंबाचे टोक वर. या हिशेबाने हेक्टरी ५ लाख कंद लागतात. काश्मिरी मापात एका कनालला २५ हजार. १० ग्रॅमचा कंद धरला तर हेक्टरी ५ टन केवळ बेणे झाले, आणि या शेतीतला मोठा खर्च तोच.

करेवाची माती चिकण, त्यामुळे वाफे उंच ठेवून दोन्हीकडे चर काढतात. पाणी साचले की फ्युझेरियम व इतर बुरशींमुळे कंद कुजतो आणि तेथून रोग शेजारच्या कंदांत जातो. उलट सप्टेंबरात पाऊस दडी मारून बसला तर फुले कमी व उशिरा येतात. त्या वेळी एक-दोन हलकी पाणी द्यावी लागतात. २०१० मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय केशर अभियानाने तुषार सिंचनावर भर दिला तो यासाठीच. फुलोऱ्याआधी एक वरवरची खुरपणी करून मातीचा कडक थर फोडतात.

नवे कंद जुन्याच्या डोक्यावर बसत असल्याने पुंजका दर वर्षी थोडा वर सरकतो आणि दाटतोही. १०–१५ वर्षे न हलवलेल्या शेतात म्हणून बोराएवढ्या कंदांची गर्दी होते: पाने भरपूर, फूल नाही. चार-पाच वर्षांनी सर्व कंद उकरून, मोठे-लहान वेगळे करून नव्या जागी लावणे हा त्यावरचा उपाय. साळिंदर आणि उंदीर यांचा उपद्रव वेगळाच. साळिंदर एका रात्रीत वाफा उलथून टाकते.

वेचणी : ऑक्टोबरच्या उत्तरार्धापासून नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत, म्हणजे दिवाळीच्या आगेमागे, फुले लाटालाटांनी येतात. ती भल्या पहाटे, ऊन चढण्याआधी खुडतात आणि किंजल्के त्याच दिवशी काढतात. ढीग लावून ठेवलेल्या फुलांत रंग व वास दोन्ही उतरतात. एक ग्रॅम सुक्या केशराला साधारण १५० ते १७० फुले लागतात, आणि सुकताना पाच किलोचा एक किलो होतो. उन्हात सुकायला काही दिवस जातात, ४५° से.च्या आसपासच्या उष्ण हवेत काही तास पुरतात आणि रंगही चांगला राहतो. फक्त लाल भाग असलेल्या मालाला मोगरा, खालच्या पिवळ्या देठासकट असलेल्याला लच्छा म्हणतात.

महाराष्ट्रात : पुण्यासह काही ठिकाणी बंद खोलीत किंवा कंटेनरमध्ये केशर घेतले जाते. फुलाची कळी कंदाच्या आत २३–२७° तापमानात घडते व १५–१७° ला गारवा मिळाल्यावर बाहेर येते; माती लागत नाही, लाकडी ट्रेमध्ये मांडलेले कोरडे कंदही फुलतात. पाहणाऱ्याला हा चमत्कार वाटतो, पण त्या फुलाचे श्रेय काश्मीरच्या मागच्या हिवाळ्याला आहे. खरी कसोटी नंतर लागते. फुले झाल्यावर कंद मातीत लावून पानांना पाच-सहा महिने थंडी व भरपूर उजेड द्यावा लागतो. दख्खनच्या पठारावर फेब्रुवारी-मार्चच्या उन्हाने पाने लवकर पिवळी पडतात आणि पिलकंद ८ ग्रॅमपर्यंत पोचत नाहीत. दर वर्षी बेणे विकत घ्यावे लागले, की विजेच्या बिलासकट हिशेब बसत नाही. गच्चीतल्या कुंडीत अडचण त्याआधीच येते: ऑक्टोबर हीटमध्ये कळी पांढऱ्या वेष्टनातच वाळते.

पारख : काडी कोमट पाण्यात टाकून दहा-पंधरा मिनिटे थांबावे. खऱ्या केशराचा रंग सोनेरी पिवळा आणि सावकाश उतरतो, काडी लालच राहते. भिजल्यावर तिचे एक टोक तुतारीसारखे उघडते व त्याची कड दातेरी दिसते. भिंगाखाली हे स्पष्ट कळते. करडईचे पुष्पक (तिच्या बोंडातले एकेक लहान फूल) बारीक नळीसारखे असून टोकाला पाच फाटे असतात. रंगवलेले मक्याचे केस सरळसोट दोऱ्यासारखे राहतात. पाणी लगेच लालभडक झाले तर तो बाहेरून चढवलेला रंग. प्रयोगशाळेत केशराच्या अर्काने ४४० नॅनोमीटर तरंगलांबीला शोषलेला प्रकाश मोजतात. आयएसओ ३६३२ या मानकानुसार पहिल्या प्रतीला हा आकडा किमान २०० लागतो.