जुनी लष्करी बंदूक घेताय? आधी नळी उतरवून बघा

नमस्कार मंडळी, आमचं दुकान जुन्या पितळी-लाकडी वस्तूंच्या दुरुस्तीचं, बंदुका आम्ही विकत नाही, पण लोक विकत घेऊन झाल्यावर "जरा बघता का" म्हणून आणतात आणि तेव्हा उशीर झालेला असतो, म्हणून हे लिहितोय.

नाशकात हमखास ऐकायला मिळणारी गोष्ट म्हणजे "देवळाली कॅम्पातल्या गोऱ्या साहेबाची आहे". हा ब्रिटिशांचा लष्करी कॅम्प खरंच 1861 पासूनचा, त्यामुळे पटतं लगेच. पण गोष्टीचे पैसे देऊ नका, वस्तू बघा.

गेल्या पावसाळ्यात सिन्नरचे एक काका मार्टिनी-हेन्री ही जुनी इंग्रजी लष्करी रायफल घेऊन आले, पंचेचाळीस हजार मोजलेले. बाजूला मुकुट, खाली व्ही आर म्हणजे व्हिक्टोरिया राणी, आणि त्याखाली साल 1907. राणी गेली जानेवारी 1901 मध्ये! शिवाय एनफिल्ड या कारखान्याच्या इंग्रजी नावातलं एन उलटं कोरलेलं. पेशावरकडे दर्रा आदमखेलला हाताने नकला बनवतात, तिकडच्या मालात अशा चुका सापडतात, कारण कोरणारा अक्षर वाचत नाही, चित्रासारखं उतरवतो. काका बराच वेळ गप्प बसून होते, आम्हालाही फार वाईट वाटलं. तसंच कंपनी सरकारचा सिंह असेल आणि साल 1858 च्या पुढचं असेल तर थांबा, कंपनीचं राज्यच तेव्हा संपलं.

गंज नीट बघा. ॲसिड लावून आणलेला गंज सगळीकडे सारखा असतो, आणि खरा गंज जिथे हात लागतो तिथे कमी नि लाकडाखाली दडलेल्या भागात जास्त. म्हणूनच नळी उतरवून दाखवा म्हणायचं, विक्रेता नाही म्हणाला तर उठून यायचं. पितळेला लोहचुंबक लावा, चिकटलं तर आत लोखंड आहे. अधिकच्या (+) चिन्हासारख्या खाचेचा स्क्रू दिसला तर तो नंतरचा, बाकीचे पण तपासा.

आता हे मात्र विसरू नका. ठासणीची, म्हणजे तोंडातून बार ठासून भरायची बंदूक शंभर-दीडशे वर्षांनीसुद्धा आत बार भरलेली निघू शकते. नळीसमोर उभं न राहता बाजूने लाकडी काठी हळूच आत घाला, तोंडाशी खूण करा, मग तीच काठी बाहेरून नळीला लावून बघा, टोक रंजकाच्या (मागे दारू पेटवायच्या) भोकाच्या चार बोटं अलीकडेच राहिलं तर आत काहीतरी आहे, खाली ठेवा आणि पोलिसांना कळवा, स्वतः काढायला जाऊ नका.

कागदांचं पण बघा. 1959 च्या शस्त्र कायद्यात जुन्या पद्धतीच्या हत्यारांना सूट आहे, पण दुरुस्त करूनही चालणार नसेल तरच, नाहीतर परवाना लागतो. शहरात पोलीस आयुक्तालयात, ग्रामीणमध्ये जिल्हाधिकारी कार्यालयात लेखी विचारून घ्या. शंभर वर्षांवरची वस्तू 1972 च्या पुरावशेष कायद्यात येते, अशा वस्तू विकण्याचा धंदा करणाऱ्याकडे त्याचं लायसन हवं, आणि परदेशातल्या मुलाला पाठवायचा विचार असेल तर तो सोडा, खासगी माणसाला नेता येत नाही.

पैसे द्यायच्या आधी शिक्क्यांचे, स्क्रूचे आणि नळीच्या खालच्या बाजूचे फोटो आणून दाखवा, बघायचे काही घेत नाही आम्ही.