पावसाळ्यात सायकल चालवताना कपडे कसे निवडावेत

दांडिया बाजार, रावपुरा, फतेहगंज या भागांतून रोज सायकलने कामावर जाणारे अनेक ग्राहक जूनमध्ये आमच्याकडे एकच मागणी घेऊन येतात: थेंबभर पाणीही आत येणार नाही असा रेनकोट द्या. असा रेनकोट आमच्याकडे आहे. तरीही वडोदऱ्यातील सायकलस्वारांना आम्ही तो सहसा सुचवत नाही.

येथे जुलै-ऑगस्टमध्ये पाऊस पडत असतानाही उकाडा पुरता जात नाही आणि हवा बाष्पाने भरलेली असते. पेडल मारताना येणारा घाम जाड प्लास्टिकच्या रेनकोटाखाली कोंडतो, आणि थोड्याच वेळात माणूस पावसाने नाही तरी घामाने चिंब होतो. वाफ बाहेर सोडणारे महागडे जॅकेटही येथे अपेक्षेइतके काम देत नाही, कारण वाफ बाहेर पडते ती आतल्या आणि बाहेरच्या हवेतील बाष्पाच्या फरकामुळे, आणि आपल्या पावसाळ्यात तो फरकच कमी असतो. लेबलवरील १०,००० मिमी हा आकडा कापड १० मीटर उंच पाण्याच्या स्तंभाचा दाब सोसते एवढेच सांगतो. घामाचे काय होईल, हे त्यावरून कळत नाही.

म्हणून आमचा सल्ला असा, की काखेत झिप आणि पाठीवर झाकलेली जाळी असलेले पातळ जॅकेट घ्यावे, शिवणींवर आतून टेप आहे ना ते पाहावे, आणि आत सुती बनियनऐवजी पॉलिएस्टरचा टी-शर्ट घालावा, कारण सूत पाणी धरून ठेवते आणि अंगाला घासते. पाठीचा भाग लांब असावा. मागच्या चाकाला मडगार्ड नसेल, तर आधी ते बसवून घ्यावे. कपड्यांचा खर्च त्यानंतर. खांद्यावरून सैल सोडलेला पोंचो वाऱ्यात फुगतो, त्याची कड चाकात अडकू शकते, म्हणून वेगाने सायकल चालवणाऱ्यांना आम्ही तो विकत नाही. पँटचा घोटा चेनच्या बाजूने पट्टीने आवळावा. हूडमुळे बाजूचे दिसत नाही. त्याऐवजी हेल्मेटखाली पुढे झडप असलेली पातळ टोपी चालते.

रंगाबाबत मात्र आम्ही आग्रही आहोत. ढगाळ दिवसा चमकदार पिवळा किंवा नारिंगी रंग लांबून दिसतो, पण अंधारात त्याचा उपयोग फारसा राहत नाही. तेव्हा प्रकाश परावर्तित करणारी पट्टीच लागते, आणि ती घोट्यांवरही असावी, कारण पेडलबरोबर वरखाली हलणारी पट्टी वाहनचालकाच्या नजरेत लवकर भरते.

जॅकेट सौम्य साबणाने धुवावे. फॅब्रिक सॉफ्टनर वापरू नये, त्याने पाणी झटकून टाकणारा थर निकामी होतो. ओले जॅकेट घडी घालून पिशवीत ठेवल्यास बुरशी धरते, म्हणून घरी पोहोचताच ते पंख्याखाली पसरून वाळवावे.