चेल्सी बूट विरुद्ध दणकट बूट: हे भांडण आलं कुठून

पावसाळा संपला, थंडीची जरा चाहूल लागली की हा विषय निघतोच. एक गट म्हणतो चेल्सी म्हणजे बारीक सोल, निमुळतं टोक, पँटच्या खाली नीट बसणारा शहरी बूट, त्याला जाड खाचांचा सोल लावला की तो चेल्सी राहत नाही. दुसरा गट म्हणतो अरे जो चिखलात दगडात चालत नाही तो बूट कसला, त्यापेक्षा सँडल घाला. दोघंही इतक्या त्वेषाने बोलतात की वाटतं दोन वेगवेगळ्या वस्तूंची गोष्ट चाललीय. पण वस्तू एकच आहे, लेस नसलेला, बाजूला इलास्टिकची पट्टी असलेला घोट्यापर्यंतचा बूट. ती दोन देशांत दोन वेगळ्या कामांना लागली आणि तिचे दोन स्वभाव झाले.

सुरुवातीचं पटकन उरकतो कारण ते सगळीकडे लिहिलेलं आहे. राणी व्हिक्टोरियाच्या बूटमेकरने बाजूला इलास्टिक लावलेला बूट बनवला, पेटंटचं साल बहुतेक ठिकाणी १८५१ दिलेलं असतं, आणि राणी रोज हेच घालून फिरते अशी जाहिरात त्याने स्वतःच करून घेतली. हे जमलं कारण त्याच सुमारास रबर ताब्यात आलं होतं. त्याआधीचं रबर उन्हात चिकट आणि थंडीत काचेसारखं, त्याची पट्टी बुटाला लावून उपयोग काय. गंधक घालून रबर तापवायची युक्ती निघाली, अमेरिकेत त्याचं पेटंट १८४४ चं, आणि मग ताणून परत जागेवर येणारी पट्टी मिळाली. बूट सरकवले की झालं, बटणं नाहीत, लेस नाही. पहिल्या महायुद्धापर्यंत हे बूट जोरात होते, मग फॅशनमधून मागे पडले.

आता नावाचा गुंता, आणि माझ्या मते अर्धं भांडण इथेच आहे.

पहिली गोष्ट, व्हिक्टोरियाच्या काळात या बुटाला कोणी चेल्सी म्हणत नव्हतं. अमेरिकेत त्याला काँग्रेस बूट म्हणायचे. इंग्लंडच्या ग्रामीण भागात, गुरांच्या बाजारात फिरणारे व्यापारी आणि शेतकरी घालायचे त्या जाड चामड्याच्या इलास्टिकवाल्या बुटाला डीलर बूट म्हणतात, आजही म्हणतात. चेल्सी हे नाव आलं ते १९५० आणि ६० च्या दशकात. लंडनच्या त्या भागात, किंग्ज रोडच्या आसपास, चित्रकार, फोटोग्राफर, मॉडेल, फिल्मवाले असा एक गोतावळा होता आणि त्यांच्या पायात हे बूट दिसायला लागले. म्हणजे जवळपास शंभर वर्षं जगून झाल्यावर या बुटाचं बारसं झालं, आणि तेही एका मोहल्ल्याच्या नावाने.

मग १९६१ मध्ये बीटल्स या लिव्हरपूलच्या चौघांच्या बँडमधल्या दोघा पोरांनी लंडनमधल्या नाटकवाल्यांचे, नाचणाऱ्यांचे बूट बनवणाऱ्या दुकानाच्या काचेत हे बूट पाहिले आणि चौघांसाठी करून घेतले, फक्त टाच उंच क्युबन पद्धतीची लावून. पुढे ते चौघे कुठल्या कुठे गेले हे सांगायला नको. त्या बुटाला त्यांच्या बँडचंच नाव पडलं आणि लोकांच्या डोक्यात चेल्सी म्हणजे निमुळता, काळा, चकचकीत, स्टेजवरचा बूट हे जे बसलं ते आजतागायत निघालेलं नाही. पहिल्या गटाची सगळी शुद्धता या साताठ वर्षांतून आलेली आहे, बरं का. त्याच्या आधीची शंभर वर्षं ते धरतच नाहीत.

दुसरी गोष्ट, जोधपूर. इथे तर पूर्ण गोंधळ आहे आणि तो आपल्या घरचा आहे म्हणून जरा सविस्तर. १८९७ मध्ये व्हिक्टोरियाच्याच राज्यारोहणाच्या हीरक महोत्सवाला जोधपूरची मंडळी इंग्लंडला गेली, पोलो खेळली, आणि मांडीला घोळदार आणि गुडघ्याखाली घोट्यापर्यंत घट्ट अशी त्यांची ती विजार तिथल्या लोकांना फार आवडली. पूर्वी घोडेस्वारीच्या ब्रीचेसबरोबर, म्हणजे गुडघ्याच्या जरा खाली संपणाऱ्या विजारीबरोबर, गुडघ्यापर्यंतचे उंच बूट लागायचे. ही विजार पोटरीलाच आवळून बसते म्हटल्यावर उंच बुटाची गरज संपली, घोट्यापर्यंतचा छोटा बूट चालायला लागला. त्या विजारीबरोबर घालायचा म्हणून तो जोधपूर बूट. खरा जोधपूर बूट म्हणजे घोट्याभोवती पट्टा फिरवून बकल लावलेला, त्यात इलास्टिक नसतं. हा साधारण १९२० च्या दशकातला, पोलोवाल्यांचा.

पण आज इंग्लंडमध्ये घोडेस्वारीच्या दुकानात जाऊन जोधपूर बूट मागा, समोर काय ठेवतील? बहुतेक वेळा इलास्टिकवाला बूट. शेजारच्या रॅकवर तसाच दिसणारा बूट पॅडक म्हणून, कधी लेसवाला, कधी पुढे झिप असलेला. आणि आपल्याकडच्या ऑनलाइन शॉपिंगमध्ये तर आनंदीआनंद, बकलवाल्याला चेल्सी, झिपवाल्याला चेल्सी, इलास्टिकवाल्याला जोधपुरी, आणि एकदा तर लेसवाल्याला पण चेल्सी लिहिलेलं मी बघितलंय. इलास्टिकचा बूट राणीच्या बूटमेकरचा, जोधपूरची विजार राणीच्या महोत्सवातली, आणि दोन्हीची नावं एकमेकांत अशी अडकलीयत की आता सोडवायला गेलं तर दोराच तुटेल. मला स्वतःला वाटतं इलास्टिक असेल तर चेल्सी आणि पट्टा असेल तर जोधपूर एवढा नियम पुरे, सोल कसा आहे याचा नावाशी संबंध लावूच नये. पण हे म्हटलं की पहिला गट अंगावर येतो.

तिसरी गोष्ट ऑस्ट्रेलिया, आणि इथे मी निःपक्ष नाही हे आधीच कबूल. इंग्लंडच्या शहरात हा बूट मागे पडला तेव्हा तिकडे तो मस्त चालू होता. गुरं हाकणारे, मेंढ्यांची लोकर कातरणारे, शेतमजूर, सगळ्यांच्या पायात इलास्टिकचे बूट. कारण सरळ आहे, घोड्यावर बसताना रिकिबीत अडकायला लेस नाही, बकल नाही, आणि दिवसातून दहा वेळा काढघाल करायची तर वाकायला नको. १९३२ मध्ये, मंदीच्या काळात, दक्षिण ऑस्ट्रेलियात एका भटक्या माणसाने जीनसामान बनवणाऱ्या दुसऱ्या भटक्याकडून चामड्याचं काम शिकून जो बूट बनवायला घेतला तो चामड्याच्या एकाच अखंड तुकड्याचा, शिवण फक्त मागे टाचेवर. शिवण जितकी कमी तितकी उसवायची जागा कमी आणि पाणी शिरायची जागाही कमी, हे साधं गावठी गणित. अॅडलेडमध्ये त्याचा कारखाना झाला. आज तो बूट इतका महाग आहे की मजूर तो घेत नाही, वकील आणि बँकवाले घेतात, आणि निवडणुकीच्या वेळी गावाकडे जाणारे पुढारी आवर्जून घालतात. मधे काही वर्षं ती कंपनी परदेशी पैशाकडे गेली होती, २०२० मध्ये परत ऑस्ट्रेलियन मालकाकडे आली तेव्हा तिथे ही चांगली मोठी बातमी होती.

सांगायचा मुद्दा असा की हे बूट, चेल्सी हे नाव रूढ व्हायच्या आधीपासून तिथे शेतात राबत होते. आता त्यांना दणकट चेल्सी म्हणणं म्हणजे नातवाच्या नावावरून आजोबांना हाक मारण्यासारखं आहे. तिथले लोक तर त्याला नुसतं बूट म्हणतात.

यानंतर सोल. सोल वरच्या चामड्याला कसा जोडायचा यावर आवडीनिवडीचा खरा फाटा फुटतो, दिसणं वगैरे नंतरचं. जुनी पद्धत गुडइयर वेल्ट, म्हणजे चामड्याची एक पट्टी आधी वरच्या भागाला शिवायची आणि मग त्या पट्टीला सोल शिवायचा, सोल झिजला की शिवण काढून नवा लावता येतो. (जाता जाता, रबराचं पेटंट घेणारा गुडइयर हा बाप, वेल्टच्या मशीनला नाव मिळालं ते मुलामुळे, आणि टायरची कंपनी १८९८ ची, तिचा या घराण्याशी काही संबंध नाही, फक्त मानाने नाव घेतलं. बाप बिचारा १८६० मध्ये कर्जात असतानाच वारला.) नवी पद्धत म्हणजे फर्म्यावर, म्हणजे पायाच्या आकाराच्या ठोकळ्यावर, चढवलेला बूट साच्यात धरायचा आणि पॉलियुरेथेन थेट ओतायचं, काही मिनिटांत सोल तयार आणि चिकटलेला पण. हलका, उशीसारखा, पहिल्या दिवसापासून आरामशीर. टास्मानियातल्या होबार्टची १८७० पासूनची एक कंपनी याच पद्धतीच्या बुटांवर जगभर पोचली. ते बूट रीसोल करता येत नाहीत.

त्याच कंपनीने २००७ मध्ये जाहीर केलं की चामड्याच्या बुटांचं काम टास्मानियातून हलवून आशियात न्यायचं, भारत आणि थायलंड ही नावं त्यात होती. तिथे लोकांना फार लागलं, शेकडो नोकऱ्या होत्या, आणि ऑस्ट्रेलियन मातीचा बूट म्हणून विकत होतात ना मग आता काय, असा सूर होता. कंपनीचं म्हणणं खर्च परवडत नाही. आता मी इथे बसून काय बोलणार, भारतात आलेलं काम आपल्याच कुणाच्या तरी हाताला मिळालं. पण एक खटकतं. तमिळनाडूत अंबूर, राणीपेटला, किंवा आग्रा कानपूरला जे बूट बनतात ते घालणारे तिकडे, आणि आपण तेच बूट इंपोर्टेड म्हणून चौपट पैसे देऊन घेणार.

कॅनडात या ओतीव सोलवाल्या बुटांचं वेड कसं पसरलं याचं कारण मला टोरोंटोत राहणाऱ्या मावसभावाने सांगितलं आणि ते पटलं. तिथे घरात बूट घालून जात नाहीत. बर्फाचा चिखल, रस्त्यावर टाकलेलं मीठ, दाराशीच काढायचे. लेसवाला बूट असला की प्रत्येक दारात वाकून बसा. हा सरकवला की पायात, मागचा लूप ओढला की झालं. आपल्याकडेही चप्पल दाराबाहेर, देवळाबाहेर, त्यामुळे आपल्याला खरं तर लेसच्या बुटापेक्षा हाच जास्त सोयीचा, पण आपल्या डोक्यात बूट म्हणजे एक तर शाळेचे काळे नाहीतर लग्नाचे.

आपल्याकडे दणकट चामड्याची आवड आली कुठून हेही बघायला पाहिजे, कारण ती ऑस्ट्रेलियातून आलेली नाही. आमच्या पिढीला ती आली झाडाचा लोगो असलेल्या कंपनीकडून. गोष्ट अशी सांगतात की त्यांचा माल रशियाला जायचा, सोव्हिएत संघ कोसळला, माल अडकला, मग १९९२ मध्ये इथेच विकायला काढला. जाड नबक लेदर (वरून घासून मखमली केलेलं), हाताची ठळक शिवण, ट्रॅक्टरच्या टायरसारखा सोल, खाकी नाहीतर उंटाचा रंग. तोपर्यंत चांगला बूट म्हणजे काळा आणि चकचकीत एवढंच माहीत. हा तर पॉलिश न करता घालायचा! कॉलेजात ज्याच्याकडे तो असायचा त्याची बाईक नसली तरी चालायचं. आई म्हणायची एवढे पैसे देऊन मळकट रंगाचे कशाला आणलेस. अमेरिकेत त्याच्या आधी, १९७३ मध्ये, बांधकामावरच्या कामगारांसाठी आलेला पिवळा वॉटरप्रूफ बूट नव्वदीत न्यूयॉर्कच्या रॅपवाल्यांनी उचलला होता, ते वारं पण थोडं इकडे लागलं असणार. पण आमच्यासाठी दणकट म्हणजे लेस, जाड जीभ आणि वजन. म्हणून २०१३-१४ च्या सुमाराला बारीक स्वेडचे चेल्सी आले, चिकटून बसणाऱ्या जीन्सबरोबर, तेव्हा आमच्या वयाच्या लोकांनी नाकं मुरडली आणि धाकट्यांनी डोक्यावर घेतले. आजचे दोन गट तिथलेच आहेत. वयाची रेघ स्पष्ट दिसते.

गेल्या काही वर्षांत मात्र जाड खाचांचा सोल लावलेले चेल्सी मोठमोठ्या फॅशनवाल्यांनी पण काढले, विशेषतः बायकांच्या बुटांमध्ये, त्यामुळे पहिल्या गटाचा बुरूज आतूनच ढासळलाय. आता ते सोलवरून हटून टोकाच्या आकारावर आलेत.

राहिला आपल्या हवेचा प्रश्न, त्यावर फारसं कोणी बोलत नाही. पॉलियुरेथेनचा सोल दमट हवेत आतून कुजतो, हवेतलं पाणी त्याच्या साखळ्या तोडत जातं, वरून काही कळत नाही. गंमत म्हणजे रोज वापरलेले बूट त्या मानाने टिकतात आणि जपून खोक्यात ठेवलेले जातात. माझ्या एका जोडीचं हेच झालं, नाव नाही सांगत, चार पावसाळे कपाटात, लग्नाला जायचं म्हणून काढले, हॉलच्या पायऱ्या चढतोय तर मागे काळ्या भुग्याची रांग. वेल्टवाल्याला हा धोका कमी, पण त्याच्या चामड्यावर जुलैत हिरवी बुरशी धरते ती वेगळी. कोपऱ्यावरच्या मोचीकाकांकडे तो जोड नेला तर त्यांनी उलटसुलट करून बघितला, इलास्टिक दोनदा ताणून सोडलं, वरचं चामडं अंगठ्याने दाबलं, म्हणाले वरचा माल एक नंबर आहे, पण टाका घालायचा कशाला, खाली काही उरलंच नाही.