चादरीवरचे बॅनर आणि त्यामागची गावकी

आमच्या राजापूर तालुक्यात रिफायनरीच्या विरोधात बॅनर रंगवणारी, गाणी बांधणारी, मोबाईलवर व्हिडिओ काढून तिथल्या तिथे एडिट करणारी जी मंडळी आहेत त्यांना बाहेरून आलेला माणूस हमखास विचारतो, की तुमच्या मागे कुठली संस्था आहे, हे सगळं शिकवलं कोणी? संस्था कुठलीच नाही. पण हे एका दिवसात उगवलेलं पण नाही, म्हणून मागचं जरा लिहून ठेवतेय.

सुरुवात गावकीपासून करावी लागते. पावसाळ्याआधी वहाळावर पोफळीचा साकव, म्हणजे छोटा पूल, वाडीच घालायची, घरटी एक माणूस, सरकारची वाट कोण बघणार. शिमग्याची पालखी, देवळाचा मांडव, सगळं घरटी वर्गणी आणि अंगमेहनत. आणि जाखडी, म्हणजे आमच्याकडचा नाच-गाण्याचा सामना. शक्तीवाले आणि तुरेवाले असे दोन पक्ष समोरासमोर बसले की शाहीर नवीन गाणं बांधून आणतो, त्यात देवाधर्माबरोबर त्या वर्षीची महागाई, रस्ते, पुढारी सगळे येतात, म्हणजे पेपर न वाचणाऱ्या माणसापर्यंत पण बातमी चालीत पोचायची. मला तर वाटतं आमच्याकडचा खरा लोकांचा मीडिया हाच, बाकीचे नंतर आले.

दुसरी शाळा मुंबईत. चाकरमानी गिरणगावात गावाच्या नावाच्या खोल्यांत राहायचे, गिरणीच्या पाळीप्रमाणे झोपायच्या पण पाळ्या, आणि त्याच खोलीत गावच्या शाळेसाठी, देवळासाठी पैसे जमायचे, हिशोबाची वही चोख. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला, अडीच लाखाच्या आसपास कामगार बाहेर, आणि तो रेंगाळला तशी कितीतरी माणसं गावी परतली. येताना मोर्चा कसा काढायचा, घोषणा कशी द्यायची, सभेचं इतिवृत्त कसं लिहायचं हे घेऊन आली.

मग प्रकल्प आले. गुहागरात एन्रॉनचा वीज प्रकल्प, ज्याचा सामंजस्य करार १९९२ चा. जून १९९७ मध्ये वेलदूरच्या कोळणींना पोलिसांनी पहाटे घरांतून ओढून नेलं, ते ह्यूमन राइट्स वॉचच्या १९९९ च्या अहवालात आहे. मग जैतापूर, ९९०० मेगावॅटचा नियोजित अणुऊर्जा प्रकल्प, माडबनच्या कितीतरी लोकांनी मोबदल्याचे चेक घेतले नाहीत, आणि १८ एप्रिल २०११ ला साखरी नाट्याला गोळीबारात एक मच्छीमार गेला. नाणारची रिफायनरी मार्च २०१९ मध्ये रद्द झाली आणि नंतर बारसू-सोलगावचं नाव पुढे आलं. दर वेळी आधीच्या गावातली माणसं पुढच्या गावात बसायला यायची, नुसती येऊन बसली तरी धीर यायचा.

एप्रिल २०२३ मध्ये बारसूच्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, रिफायनरीसाठी माती परीक्षण सुरू झालं, बायका गाड्यांसमोर रस्त्यावर आडव्या झाल्या. आमचे बॅनर चादरींवर आले ते त्याच दिवसांत, कारण ज्याला फ्लेक्सची ऑर्डर दिली होती त्याने ऐन वेळी छापायला नकार दिला. रात्र झाली होती. काकींनी पेटीतून जुन्या चादरी काढल्या, एकीने चुना आणि गेरू भिजवला, रंग धुऊन जाऊ नये म्हणून डिंक घातला, ब्रश एकच होता म्हणून नारळाचं सोडण ठेचून कुंचले केले. पडवीत चादर पसरून चार कोपऱ्यांना चार चिरे ठेवले, पोरांनी खडूने अक्षरं आखली आणि सगळ्या त्यात रंग भरत बसल्या. मध्ये काय काढायचं हा प्रश्नच नव्हता, बारसूच्या कातळावर दोन वाघ आणि मध्ये माणूस असं जे शिल्प कोरलंय तेच. ही कातळशिल्पं २०२२ मध्ये युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत गेली, आम्ही लहानपणी त्यावर गुरं चारायचो. पहाटेपर्यंत पाच चादरी झाल्या, वर कोरा चहा आणि पेज.

एक गोष्ट मात्र सांगितलीच पाहिजे. गावकीत बायकांना बोलायची जागा नव्हती, मानपानावरून आणि जातीवरून वाडीवाडीत वाद होते, अजून आहेत. आणि रिफायनरी हवी म्हणणारी माणसं पण आमच्याच घरांतली आहेत, पोरांना इथेच नोकरी मिळावी असं वाटतं त्यात चूक काय, पण त्यामुळे सख्ख्या भावांचं बोलणं बंद झालंय आणि ते मला रोज लागतं. बदललं एवढंच, की बैठक आता देवळाच्या सभामंडपाऐवजी कोणाच्या तरी खळ्यात होते आणि बायका पुढे बसतात. वर्गणीची वही आमच्या वाडीतल्या एका वयनीकडे असते, सातवीपर्यंत शिकलेल्या, पण दहा रुपये कोणी दिले ते पण तारखेसकट लिहितात. गणपतीत चाकरमानी आले की पहिल्या रात्री आरतीनंतर ती वही मोठ्याने वाचायची असं ठरलंय.