३२ थ्रेडचा म्हातारा, ८ थ्रेडचं पोर

बेळगावात उद्यमबागेला कास्टिंगची ड्रॉइंगं करणाऱ्या माझ्या भाच्याला कुणीतरी जुना रॅक सर्व्हर दाखवला. लगेच फोन. "मामा, दोन झिऑन, ३२ थ्रेड! नव्या आय-थ्रीला नुसते ८. घेऊन टाकू?"

म्हटलं, थांब जरा. झिऑन हा इंटेलचा सर्व्हरचा प्रोसेसर, आय-थ्री घरगुती कॉम्प्युटरचा; थ्रेड म्हणजे प्रोसेसर एकाच वेळी सांभाळतो त्या कामांच्या रांगा.

त्यातले झिऑन ई५-२६७०, म्हणजे २०१२ चे. प्रत्येकी ८ कोअर (प्रत्यक्ष काम करणारे भाग, एकेकाचे दोन थ्रेड), टर्बोत म्हणजे जास्तीत जास्त वेगात ३.३ गिगाहर्ट्झ. समोर २०२२ चा आय३-१२१००: ४ कोअर, टर्बोत ४.३. आकडे बघून वाटतं, फरक फार नाही. पण गिगाहर्ट्झ म्हणजे नुसते ठोके. एका ठोक्यात किती काम उरकतं, ते डब्यावर छापत नाहीत. नवा कोअर ठोक्यागणिक जास्त उरकतो, म्हणून एकास एक लावला तर साधारण दुप्पट वेगाने पळतो.

मग ३२ थ्रेडांचं काय? ऊसतोड आठव. फडात सोळा माणसं घातली की सोळा कोयते चालतात. पण भरलेला ट्रॅक्टर कारखान्यावर न्यायला ड्रायव्हर एकच. मागे पंधरा जण बसले म्हणून तो लवकर पोचत नाही. कॅडमध्ये, म्हणजे ड्रॉइंगच्या सॉफ्टवेअरमध्ये, मॉडेल काढणं, एक माप बदलून ते परत बांधून घेणं, हे बहुतेक ट्रॅक्टरचं काम. रेंडरिंग (मॉडेलचं खरं वाटणारं चित्र बनवणं) किंवा साच्यात धातू कसा भरतो नि गोठतो त्याचं सिम्युलेशन, हे फडाचं. फडात म्हातारा आजही पोराच्या बरोबरीला येतो, कधी थोडा पुढेही जातो. भाच्याचा दिवस मात्र ट्रॅक्टरवरच जातो.

आणि लाईट बिल! झिऑनचं रेटिंग प्रत्येकी ११५ वॅट, आय-थ्रीचं ६०. असा सर्व्हर रिकामा बसून १५० वॅट ओढत असेल, तर दिवसाला ३.६ युनिट, महिन्याला १०८. घरात ठेवलास तर गृहज्योतीच्या, म्हणजे कर्नाटक सरकारच्या मोफत वीज योजनेच्या, २०० युनिटांच्या मर्यादेतले निम्म्याहून जास्त तोच खाणार, आणि २०० ओलांडले की पूर्ण बिल माथी. पंख्यांचा आवाज वेगळाच; मामी पहिल्याच रात्री बाहेर काढेल.

म्हाताऱ्याला अगदीच मोडीत काढू नये. रॅमचे भरपूर स्लॉट, चूक स्वतः दुरुस्त करणारी ईसीसी मेमरी, प्रत्येक प्रोसेसरला ४० पीसीआय लेन (कार्डं नि डिस्क जोडायच्या वाटा). दहा-बारा व्हर्च्युअल मशीन (एकाच मशीनच्या पोटात चालणारे आभासी कॉम्प्युटर) चालवून शिकायचं असेल किंवा ऑफिसच्या फायली एका जागी ठेवायच्या असतील, तर मी स्वतः घेईन. टेबलावरचा रोजचा कॉम्प्युटर म्हणून नाही. विंडोज ११ च्या अधिकृत यादीतही तो बसत नाही.

"बरं, मग नुसती रॅम काढून नव्यात घालू?"

ती डीडीआर३, म्हणजे जुन्या पिढीची, तीही रजिस्टर्ड, म्हणजे सर्व्हरसाठीची. नव्या बोर्डाच्या खाचेत बसायचीच नाही रे.